सेलमच्या चेटकिणी आणि छायेची साक्ष

चेटकीण म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आजीच्या कहाणीतील म्हातारी उभी राहते. गावाबाहेरच्या चिंचेखाली तिचे बिऱ्हाड, उलटी पावले, पिंजारलेले केस. कहाणी संपली, दिवा मालवला, की तीही नाहीशी होते. परंतु इतिहासात अशाही काही ‘चेटकिणी’ होऊन गेल्या की ज्यांची नावे, वये, राहती घरे आणि मृत्यूच्या तारखा सरकारी दप्तरात नोंदलेल्या आहेत. त्यांना संतप्त जमावाने दगडांनी ठेचले नाही, की कोणा मांत्रिकाने जाळ्यात पकडले नाही. त्यांच्यावर रीतसर तक्रार झाली, अटकेचे हुकूम निघाले, साक्षी झाल्या, ज्यूरी बसली, निकाल लागला आणि मगच त्यांना फाशी देण्यात आले. आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ती हकिकत अशा रीतसर अन्यायाची आहे.

ही हकिकत सेलमची. पोलादासाठी आणि आंब्यांसाठी नावाजलेले आपल्या तमिळनाडूतील सेलम नव्हे, तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स प्रांतातील सेलम. साल १६९२. आपल्याकडे त्या वर्षी छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते आणि संताजी-धनाजी मोगली फौजांना सळो की पळो करीत होते. अमेरिका तेव्हा स्वतंत्र राष्ट्र नव्हती. समुद्र ओलांडून गेलेल्या इंग्रजांच्या त्या वसाहती होत्या आणि इंग्लंडच्या राजाचे राज्य त्यांच्यावर चालत होते.

वसाहतीतील समाज

या भागात स्थायिक झालेले बहुतेक इंग्रज प्युरिटन पंथाचे होते. इंग्लंडमधील चर्च पुरेसे शुद्ध नाही, म्हणून आपण नव्या भूमीत ईश्वराला मान्य असा समाज उभारू, या निश्चयाने ते आले होते. माणसे कष्टाळू आणि विद्येची चाड असणारी होती. वस्तीला पुरती दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, १६३६ साली, त्यांनी हार्वर्ड महाविद्यालय स्थापले. मुलाला अक्षरओळख व्हावी ती त्याला बायबल वाचता यावे म्हणून, असा त्यांचा कटाक्ष होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे जे घडले त्याचे कारण ‘अडाणीपणा’ या एका शब्दात सांगून मोकळे होता येणार नाही.

या मंडळींच्या दृष्टीने सैतान हा रूपकातील नव्हे, तर शेजारच्या रानात वावरणारा शत्रू होता. जो मनुष्य सैतानाशी करार करतो, त्याच्या वहीत आपले नाव लिहितो, त्याला सैतान इतरांना छळण्याचे सामर्थ्य देतो, अशी समजूत होती. आणि समजुतीला कायद्याचा आधार होता. इंग्लंडमध्ये १६०४ चा चेटूकविरोधी कायदा होता. मॅसॅच्युसेट्सने १६४१ च्या आपल्या कायदेसंग्रहात चेटकाला देहान्त शिक्षा सांगितली होती. युरोप खंडात तर पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४० ते ६० हजार माणसे मारली गेली असावीत, असा आधुनिक इतिहासकारांचा अंदाज आहे. चेटकिणींना जिवंत जाळीत, ही गोष्ट युरोपातील अनेक देशांपुरती खरी. इंग्रजी कायद्यात मात्र शिक्षा फाशीची होती. न्यू इंग्लंडमधील पहिली फाशी सेलमच्या कितीतरी आधी, १६४७ साली, कनेक्टिकट वसाहतीतील हार्टफर्ड येथे ॲल्स यंग नावाच्या स्त्रीला झाली.

तरीही तोवर असे खटले तुरळक होते आणि न्यायाधीश पुष्कळदा आरोपींना सोडून देत. मग १६९२ मध्येच वणवा का पेटला?

त्या वर्षी वसाहतीचे पायच डळमळले होते. जिच्या आधारावर कारभार चाले ती राजाची सनद १६८४ मध्ये रद्द झाली होती आणि नवी हाती आली नव्हती. १६९० मध्ये देवीची साथ येऊन गेली होती. उत्तरेच्या सरहद्दीवर फ्रेंच आणि त्यांचे मूळ रहिवासी मित्र यांच्याशी युद्ध पेटले होते. १६९२ च्या जानेवारीतच यॉर्क हे गाव लुटले गेले. घरे जळालेली कुटुंबे सेलमच्या आसऱ्याला आली होती. पुढे आरोप करणाऱ्या मुलींपैकी काही या युद्धात पोरक्या होऊन परक्या घरी मोलकरणी म्हणून राहिलेल्या होत्या.

त्यातच सेलमचे घरगुती भांडण. बंदराचे गाव सेलम हे व्यापारउदिमाने वाढत होते. त्याला जोडलेले शेतकऱ्यांचे खेडे, सेलम व्हिलेज, स्वतंत्र व्हावयास पाहत होते. खेड्यात पटनम आणि पोर्टर अशी दोन मोठी घराणी, आणि त्यांचे हाडवैर. १६८९ मध्ये सॅम्युएल पॅरिस नावाचे धर्मोपदेशक आले. त्यांचे वेतन, जळाऊ लाकूड आणि राहत्या घराची मालकी यांवरून गावात दोन तट पडले. ज्यांनी गाव सांधावयाचे तेच तंट्याचा विषय होऊन बसले.

पहिली ठिणगी

१६९२ च्या जानेवारीत पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि त्यांच्या घरी राहणारी अकरा वर्षांची ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. त्या किंचाळत, अंग वेडेवाकडे करीत, कोणी चिमटे घेते, टोचते असे म्हणत. वैद्याला रोग कळेना. त्याने ‘दुष्टाचा हात’ असे निदान केले. एका शेजारणीच्या सांगण्यावरून राईच्या पिठात मुलींचे मूत्र कालवून भाकरी भाजली आणि ती कुत्र्याला घातली. त्यामुळे चेटकीण उघडकीस येईल, अशी समजूत. चेटूक शोधण्यासाठी हे जे केले तेही चेटूकच होते. लवकरच बारा वर्षांची ॲन पटनम आणि आणखी काही मुलींना तसेच झटके येऊ लागले. “कोण छळते?” हा प्रश्न त्यांना पुनःपुन्हा विचारला गेला, आणि अखेर नावे आली.

२९ फेब्रुवारीला तीन स्त्रियांवर अटकेचे हुकूम निघाले. पहिली टिटुबा, पॅरिस यांच्या घरची गुलाम. तत्कालीन कागदपत्रांत तिला ‘इंडियन’ म्हटले आहे. त्याचा अर्थ भारतीय असा नसून अमेरिका खंडातील मूळ रहिवासी असा आहे. दुसरी सारा गुड, दारोदार भीक मागणारी, आणि भीक नाकारली की पुटपुटत जाणारी. तिसरी सारा ऑस्बोर्न, अंथरुणाला खिळलेली. पहिल्या पतीच्या पश्चात तिने घरच्या नोकराशी लग्न केले होते आणि त्या इस्टेटीचा वाद चालू होता. गुलाम, भिकारीण आणि लोकापवाद ओढवलेली विधवा! ज्यांच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही, अशाच तिघींची नावे आधी निघाली.

दंडाधिकारी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन यांनी १ मार्चला चौकशी आरंभिली. हॅथॉर्न यांचा प्रश्न ‘तू चेटूक करतेस काय?’ असा नसे. ‘या मुलांना का छळतेस?’ असा असे. गुड आणि ऑस्बोर्न यांनी आरोप नाकारला. टिटुबाने कबुली दिली. एक उंच काळा पुरुष, पिवळा पक्षी, काठीवर बसून हवेतून प्रवास, आणि एक वही, जिच्यात नऊ खुणा होत्या, असे तिने सांगितले. नऊ खुणांपैकी नावे तिघींचीच उजेडात आली होती. मग उरलेले सहा जण कोण? या एका प्रश्नाने सबंध प्रांताची झोप उडविली.

छाया हाच साक्षीदार

आता आम्ही या हकिकतीच्या मर्माकडे येतो. सैतानाशी केलेला करार कोणी पाहिलेला नसतो. मग न्यायालयापुढे पुरावा कशाचा?

मुली म्हणत, ‘अमकीची छाया आम्हांला गळा दाबून मारते.’ ती अमकी त्या वेळी मैलभर अंतरावर आपल्या स्वयंपाकघरात असली तरी बाध येत नसे. छळणारी तिची छाया, तिचे शरीर नव्हे. छाया दिसे ती फक्त छळ होणाऱ्यालाच. आरोपीने न्यायालयात ओठ चावला की मुली ‘चावली’ म्हणून ओरडत. तिने मान वळवली की त्यांच्या माना वळत. म्हणजे चोरी झाली की नाही हेच ठरलेले नाही, आणि तरी चोर समोर उभा! चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर सोडायलाही चोर नव्हता.

मोठमोठे धर्मशास्त्री या पुराव्याला पूर्वीपासून बिचकत होते. सैतान निरपराध माणसाचे रूप घेऊन फसवू शकत नाही काय, हा त्यांचा प्रश्न. परंतु नवी सनद घेऊन १४ मे रोजी बोस्टनला उतरलेले गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी खास न्यायालय नेमले; त्याचे मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन यांनी ठरविले की, ईश्वर निरपराध्याचे रूप सैतानाला घेऊ देणार नाही. या एका गृहीतकावर पुढची सर्व इमारत उभी राहिली. १० जूनला ब्रिजेट बिशप हिला पहिली फाशी झाली. नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल नावाचे न्यायाधीश नापसंती दर्शवून न्यायासनावरून दूर झाले. बोस्टनच्या धर्मोपदेशकांनी १५ जूनच्या आपल्या मतपत्रात छायेच्या पुराव्याविषयी सावधगिरी सांगितली. परंतु त्याच पत्राच्या शेवटी खटले त्वरेने चालवावेत अशीही शिफारस केली. न्यायालयाने सावधगिरी बाजूला ठेवली आणि त्वरा तेवढी उचलली.

रिबेका नर्सचा खटला

रिबेका नर्स सत्तरी ओलांडलेली, मुलानातवंडांच्या भरल्या घरातील, चर्चला नित्य जाणारी वृद्धा. तिच्यावर आरोप येताच गाव दचकले. सुमारे चाळीस शेजाऱ्यांनी तिच्या सद्वर्तनाची ग्वाही देणारा अर्ज सह्यांनिशी दिला. अशा अर्जावर सही करणे म्हणजे आपल्यावरही संशय ओढवून घेणे. ज्यांनी ती केली त्यांचे धैर्य थोर म्हटले पाहिजे.

ज्यूरीने ‘निर्दोष’ असा निकाल दिला. मुलींनी एकच आकांत केला. स्टाउटन यांनी ज्यूरीला विचारले, की दुसरी एक आरोपी साक्षीला आणली तेव्हा ‘ती आमच्यातलीच’ असे रिबेका म्हणाली, याचा विचार तुम्ही केला काय? ज्यूरीने त्या उद्गाराचा खुलासा रिबेकाला विचारला. ती ऐकण्यात कमी, त्यात मनाने खचलेली. प्रश्न तिच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही. तिचे मौन हाच कबुलीजबाब धरून निकाल फिरविण्यात आला. ‘आमच्यातली’ म्हणजे माझ्याबरोबर कैदेत असलेली, एवढाच माझा अर्थ होता, असे तिने नंतर कळविले. तोवर वेळ निघून गेली होती. गव्हर्नरने दिलेली तहकुबीही टिकली नाही. १९ जुलैला सारा गुडसह पाच स्त्रियांना फाशी झाली. त्यांत रिबेका होती.

सारा गुडची मुलगी डॉरथी चार-पाच वर्षांची होती. तिलाही चेटकीण ठरवून बेड्या घालून आठ-नऊ महिने कोठडीत ठेवले. पुढे १७१० मध्ये तिच्या बापाने भरपाईच्या अर्जात लिहिले, की त्या कोठडीच्या धसक्याने मुलगी आयुष्यभरासाठी स्वतःला सांभाळण्यास असमर्थ झाली. सेलमच्या सबंध दप्तरात याहून जड अशी ओळ आम्हांला दिसत नाही.

खोटे बोलेल तो वाचेल

उन्हाळा सरता सरता एक विलक्षण गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. जे कबुली देत त्यांना फाशी होत नसे. त्यांना पुढील खटल्यांत साक्षीदार म्हणून राखून ठेवीत. जे ‘मी निरपराध आहे’ म्हणत ते मरत. कबुली देऊन तीवर कायम राहिलेल्यांपैकी कोणीही त्या वर्षी फासावर गेले नाही. सॅम्युएल वॉर्डवेल याने दिलेली कबुली मागे घेतली, आणि तो फासावर गेला. ईश्वराची शपथ प्राणाहून मोठी मानणाऱ्या समाजाने असे न्यायालय उभारले की जेथे खोटी शपथ घेणारा वाचत होता आणि सत्याला चिकटून राहणारा मरत होता. कबुलीबरोबर इतरांची नावेही द्यावी लागत. त्यामुळे प्रत्येक कबुलीतून नवे आरोपी जन्मत. शेजारच्या अँडोव्हर गावातील आरोपींची संख्या तर खुद्द सेलमलाही मागे टाकून गेली. जॉन प्रॉक्टर या कैद्याने बोस्टनच्या धर्मोपदेशकांना पत्र लिहून कळविले, की काही तरुणांची मान आणि टाचा एकत्र बांधून, नाकातून रक्त येईपर्यंत ठेवून कबुली घेतली आहे. १९ ऑगस्टला प्रॉक्टरला फाशी झाली. त्याच दिवशी सेलम व्हिलेजचे पूर्वीचे धर्मोपदेशक जॉर्ज बरोज यांनाही. चेटकी मनुष्याला प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हणता येत नाही, असा समज होता. बरोज यांनी फासाखाली उभे राहून ती बिनचूक म्हटली. जमाव गलबलला. तेव्हा घोड्यावर बसलेले विद्वान धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांनी लोकांना समजाविले, की सैतानही देवदूताचे रूप घेतो. एकदा आरोप सिद्धच धरला म्हणजे त्याच्याविरुद्धचा पुरावाही त्याच्याच बाजूचा होऊन जातो.

जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातील शेतकरी. प्रारंभी त्याने आपल्याच पत्नीविरुद्ध, मार्थाविरुद्ध, जबानी दिली होती. नंतर त्याच्यावरही आरोप आला. खटला कसा चालतो हे पाहून चुकलेल्या या वृद्धाने ज्यूरीपुढे खटला चालविण्यास संमती देण्याचे नाकारले. अशा माणसाच्या छातीवर दगडांची वजने चढवीत जाण्याचा जुना इंग्रजी प्रघात होता. १९ सप्टेंबरला तो त्या वजनांखाली मेला. तीन दिवसांनी, २२ सप्टेंबरला, मार्थासह आठ जणांना फाशी झाली. ती अखेरची.

त्या आठांत रिबेकाची बहीण मेरी ईस्टी होती. मृत्यूपूर्वी तिने न्यायाधीशांना अर्ज लिहिला. मला मरण येणार हे मी जाणते, ते टळावे म्हणून मी लिहीत नाही, परंतु यापुढे निरपराध्यांचे रक्त सांडू नये, असे तिचे मागणे होते. आणि तिने उपायही सुचविला: या छळल्या जाणाऱ्या मुलींना एकमेकींपासून वेगळ्या ठेवून त्यांची कसून तपासणी करावी.

आम्ही आयुष्य शाळेत घालविले. वर्गातील भांडणाचा तपास करताना सगळ्या मुलांना एकत्र उभे करून विचारले तर एकच उत्तर सुरात येते. एकेकाला बाजूला घेतले की चार मुलांच्या चार हकिकती निघतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. पाचामुखी परमेश्वर खरा. पण पाचही मुखे एकमेकांकडे पाहून बोलत असतील तर तो परमेश्वर नव्हे, प्रतिध्वनी होय. हार्वर्डचा पदवीधर असलेल्या मुख्य न्यायाधीशाला जे सुचले नाही ते फासाच्या छायेत उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याच्या बायकोला सुचले होते.

वणवा विझला कसा

आरोपांची झळ हळूहळू वर पोहोचू लागली. सेलम गावाचे वयोवृद्ध धर्मोपदेशक जॉन हिगिन्सन यांची मुलगी ॲन डॉलिव्हर, नवऱ्याने टाकलेली, बापाच्या आश्रयाला राहिलेली, हिलाही अटक झाली. या ठिकाणी सेलमचा धागा आपल्या देशाला येऊन भिडतो. हिगिन्सन यांचा मुलगा नॅथॅनिएल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला होता. १६८८ मध्ये तो त्या शहराचा पहिला महापौर झाला होता. ज्या १६९२ सालात बहिणीवर चेटकाचा आरोप झाला, त्याच सालच्या ऑक्टोबरात तो मद्रासचा गव्हर्नर झाला. एकाच बापाची दोन लेकरे: एक फोर्ट सेंट जॉर्जच्या गादीवर, दुसरी आरोपीच्या जागी!

अखेर खुद्द गव्हर्नर फिप्स यांच्या पत्नीचेही नाव घेतले जाऊ लागले. ऑक्टोबरात कॉटन मॅदर यांचे वडील आणि हार्वर्डचे अध्यक्ष इन्क्रीज मॅदर यांनी आपले विवेचन पुढे ठेवले. एका निरपराध माणसाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या, असा त्यांचा निर्वाळा होता. ऑक्टोबर संपता संपता फिप्स यांनी ते खास न्यायालय बरखास्त केले. १६९३ च्या जानेवारीत नव्या न्यायालयापुढे उरलेले खटले आले. छायेचा पुरावा मानू नये असे ठरताच जवळजवळ सर्व आरोपी सुटले. ज्या तिघींना दोषी ठरविले त्यांनाही फाशी झाली नाही. माणसे तीच, मुली त्याच, आरोप तेच; पुराव्याचा एक नियम बदलला आणि चेटकिणी संपल्या!

हिशेब असा: १९ जणांना फाशी, त्यांत १४ स्त्रिया व ५ पुरुष; एक वजनांखाली चिरडलेला; किमान पाच जण कैदेत मेलेले; आणि दीडशेहून अधिक आरोपी. निर्दोष सुटलेल्यांनाही कैदेतील अन्नाचा आणि बेड्यांचा खर्च भरल्यावाचून बाहेर पडता येत नसे. टिटुबाचा खर्च तिच्या धन्याने भरला नाही. वर्षाहून अधिक काळ ती तुरुंगात राहिली आणि शेवटी तो खर्च भरणाऱ्याची ती गुलाम झाली.

पश्चात्ताप आणि भरपाई

सेलमची गोष्ट येथे संपली असती तर ती केवळ क्रौर्याची गोष्ट ठरली असती. परंतु १४ जानेवारी १६९७ रोजी प्रांताने उपवासाचा व प्रायश्चित्ताचा दिवस पाळला. त्या दिवशी न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल बोस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभे राहिले आणि त्यांचा कबुलीलेख धर्मोपदेशकांनी वाचून दाखविला. दोष आणि लज्जा आपण आपल्या माथी घेतो, असा त्याचा आशय होता. बारा ज्यूरी सदस्यांनीही लेखी क्षमा मागितली. १७०६ मध्ये ॲन पटनमने, आता सव्वीस वर्षांची झालेली, चर्चमध्ये उभे राहून रिबेका नर्स आणि तिच्या बहिणींच्या कुटुंबांची क्षमा मागितली. मुख्य न्यायाधीश स्टाउटन यांनी मात्र कधीच मागितली नाही. उलट १६९४ पासून प्रांताचा कारभार त्यांच्याच हाती होता.

१७११ मध्ये विधिमंडळाने २२ जणांवरील ठपका काढला आणि ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. इंग्लंडचा १६०४ चा कायदा १७३६ मध्ये रद्द झाला. हॅथॉर्न यांच्या वंशात पुढे नॅथॅनिएल हॉथॉर्न हा थोर कादंबरीकार जन्मला. पूर्वजाच्या त्या कृत्याचे ओझे त्याच्या लेखनातून डोकावत राहिले. १९५३ मध्ये आर्थर मिलरने ‘द क्रूसिबल’ हे नाटक लिहिले ते सेलमवर. पण अमेरिकेत तेव्हा चाललेल्या कम्युनिस्टांच्या शोधमोहिमेचे प्रतिबिंब त्यात सर्वांना दिसले. मुलींच्या झटक्यांचे कारण राईवरील विषारी बुरशी असावे, असे १९७६ मध्ये एका संशोधिकेने सुचविले. त्याच वर्षी इतरांनी ते खोडूनही काढले. आमच्या मते झटक्यांचे कारण काहीही असो, ते दुय्यम आहे. मुले आजारी पडली यात नवल नाही. प्रौढांनी त्या आजाराला फाशीचा दोर जोडला, हे नवल आहे.

आणि शेवटची भरपाई तर अगदी अलीकडची. १६९३ मध्ये दोषी ठरलेल्या तिघींपैकी एक, अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन, बाविशीतील मुलगी. तिचे आजोबा स्वतः धर्मोपदेशक. नात बुद्धीने भोळी आहे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. फाशी टळली, पण दोषमुक्तांच्या कोणत्याच यादीत तिचे नाव आले नाही. तिला अपत्य नव्हते. तिच्यासाठी भांडायला वंशज नव्हते. अखेर त्या भागातील एका शाळेतील आठवीच्या मुलांनी, आपल्या शिक्षिकेच्या मार्गदर्शनाखाली, कागदपत्रे धुंडाळली, आमदारांना पत्रे लिहिली, आणि जुलै २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायद्याने तिचे नाव निष्कलंक केले. पुढच्या वर्षी, मे २०२३ मध्ये, कनेक्टिकटनेही आपल्या वसाहतकालीन दोषींना निर्दोष जाहीर केले. १६९२ मध्ये मुलांच्या तोंडून आरोप निघाले होते. ३३० वर्षांनी मुलांच्याच लेखणीतून दोषमुक्तीचा अर्ज निघाला. शिक्षकाच्या पेशाला याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हांला ठाऊक नाही.

आपल्या अंगणात

हे सारे वाचून ‘तिकडचे लोक असे’ म्हणून सुस्कारा सोडणे सोपे आहे. परंतु करणी, मूठ, भानामती हे शब्द आपल्या भाषेत कालपरवा आलेले नाहीत, आणि डाकीण ठरवून एखाद्या बाईला मारहाण केल्याची, गावाबाहेर काढल्याची बातमी आपल्या देशात आजही छापून येते. न्यू इंग्लंडमधील आरोपी स्त्रियांविषयी इतिहासकारांनी एक गोष्ट नोंदविली आहे: ज्यांना भाऊ वा मुलगा नव्हता आणि म्हणून ज्यांच्या हाती जमीन येणार होती, अशा स्त्रियांवर आरोपाची कुऱ्हाड अधिक पडे. आपल्याकडेही डाकीण ठरविलेल्या विधवेच्या शेताच्या तुकड्यावर कोणाचा डोळा होता, हे शोधले तर गूढ पुष्कळदा उलगडते.

येथे मात्र कायद्याची दिशा उलटी आहे, हे समाधान. सेलममध्ये कायदा आरोपी स्त्रीला धरी; आपल्याकडे तो आरोप करणाऱ्याला धरतो. बिहारने १९९९ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये, राजस्थानने २०१५ मध्ये असे कायदे केले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला तो, त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर, त्याच वर्षी झाला. कर्नाटकाचा कायदा २०१७ चा. महाराष्ट्राच्या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

परंतु कायदा पोहोचतो तो घटना घडल्यावर. त्याआधी कुजबुज असते: ओसरीवर, पाणवठ्यावर, हळदीकुंकवाच्या बैठकीत. ‘तिची नजर वाईट,’ ‘ती येऊन गेली आणि लेकरू तापले.’ अशा वेळी मेरी ईस्टीचा अर्ज आपल्या घरात वाचला जावा, असे आम्हांला वाटते. कोणी पाहिले? स्वतः पाहिले की ऐकले? वेगवेगळे विचारले तर तेच सांगतील काय? तीनच साधे प्रश्न आहेत. सेलमच्या न्यायासनाने ते वेळीच विचारले असते तर रिबेका नर्स आपल्या नातवंडांत, आपल्या अंथरुणात मरण पावली असती.